सुट्टीत येणारी शून्य सावली

‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य आपण सहज बोलतो. मुळशी तालुक्यातल्या, २०२१ साली पुणे महापालिकेत आलेल्या सूस गावातल्या मुलांनी ते तपासून पाहिले, तर ते दोन्ही अंगांनी चुकीचे ठरेल. सूर्य सर्वांत उंच येतो तेव्हा तिथे घड्याळात बारा वाजलेले नसतात. आणि तेव्हाही तो बरोबर डोक्यावर असतो वर्षातून फक्त दोनदा.

हे दोन ‘शून्य सावली दिवस’ सूसला १३-१४ मे आणि २९-३० जुलैच्या सुमारास येतात. पंचाईत अशी, की पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्या वेळी आकाशात बहुधा ढग. मग हा विषय शिकवायचा कसा? एक चांगला मार्ग आहे. तो दिवस मुलांना दाखवण्याऐवजी त्यांच्याकडूनच त्याचे भाकीत करून घ्यायचे.

काठी आणि मध्यान्ह

मैदानात सपाट जागी एक सरळ काठी अशी रोवा, की जमिनीच्या वर ती बरोबर १०० सेंमी राहील. ती उभी आहे ना, हे दोऱ्याला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने दोन बाजूंनी तपासा. आता सर्वांत आखूड सावली शोधायची. सव्वाबारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा.

सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या पुढेमागे मिळेल. कारण साधे आहे. आपली घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. सूस सुमारे ७३.७५ अंशांवर, म्हणजे ८.७५ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. म्हणून इथला मध्यान्ह ८.७५ × ४ = ३५ मिनिटे उशिरा होतो. पृथ्वीचा अक्ष कललेला असल्याने आणि तिची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने ही वेळही वर्षभर थोडी हलते : फेब्रुवारीच्या मध्यास ती १२.४९ च्या आसपास, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१९ च्या आसपास असते.

दिशा हवी असेल तर काठीभोवती वर्तुळ काढा. सकाळी आणि दुपारी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे टेकेल ते दोन बिंदू जोडा. ही पूर्व-पश्चिम रेषा. कात्यायन शुल्बसूत्रातही हीच रीत दिलेली आहे.

सावलीचा तक्ता

दर आठवड्याला एकदा मध्यान्हीची सावली मोजून भिंतीवरच्या तक्त्यात लिहावी. सूसला १०० सेंमी काठीसाठी साधारण असे आकडे यायला हवेत :

२२ डिसेंबर – ९० सेंमी
१ फेब्रुवारी – ७२ सेंमी
१ मार्च – ४९ सेंमी
२१ मार्च – ३३ सेंमी
१ एप्रिल – २५ सेंमी
१५ एप्रिल – १६ सेंमी
३० एप्रिल – ७ सेंमी

एखाद्या सेंटिमीटरचा फरक पडला तर काळजी नको. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीचे टोक नेहमीच थोडे पुसट असते.

आता भाकीत. शेवटच्या १५ दिवसांत सावली ९ सेंमी घटली. उरलेले ७ सेंमी त्याच वेगाने घटायला सुमारे १२ दिवस लागतील, म्हणून उत्तर येते ११-१२ मे. खरा दिवस त्याहून दोनेक दिवस पुढे आहे. ही तफावतच धड्याचा गाभा आहे. विषुवदिनाजवळ सूर्य रोज सुमारे ०.४ अंश उत्तरेकडे सरकतो, मेच्या मध्यास सुमारे ०.२५ अंश, आणि २१ जूनला जणू थांबतो. म्हणून आलेखाची रेघ हळूहळू आडवी होत जाते. मुलांनी पट्टीऐवजी हाताने तोच बाक पुढे नेला, तर तारीख अधिक बरोबर येईल.

कोणत्या इयत्तेला काय?

पहिली-दुसरीच्या मुलांनी सावलीइतकी दोरी कापून भिंतीवर शेजारी शेजारी टांगावी. आलेख आपोआप तयार होतो. तिसरी-चौथीने सेंटिमीटर मोजून वजाबाक्या कराव्यात. पाचवी ते सातवीने आलेख काढावा. मोठ्या मुलांनी २१ मार्चचे माप वहीत उतरवावे : १० सेंमी उभी रेघ, तिच्या पायाशी ३.३ सेंमी आडवी रेघ, आणि टोके जोडून त्रिकोण. वरच्या टोकाशी कोनमापक लावला की सुमारे १८.५ अंश येतात. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो. म्हणून हा कोन म्हणजेच आपल्या गावाचा अक्षांश. नकाशात पाहून तो पडताळता येतो.

सुट्टीत आणि सुट्टीनंतर

सुट्टीचा अभ्यास एवढाच : १० ते १६ मे रोज १२.३० च्या सुमारास अंगणात उभी बाटली ठेवायची आणि सावली कधी नाहीशी होते ते लिहायचे. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे बजावून सांगावे. मामाच्या गावी गेलेली मुले तर अधिकच कामाची : सावंतवाडीला हा दिवस ३-४ मेच्या सुमारास, नागपूरला २६ मेच्या सुमारास येतो. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने कोणाचाही दिवस चुकत नाही. दिल्लीत मात्र तो कधीच येत नाही.

शाळा उघडल्यावर जूनमध्ये ऊन पडलेच, तर काठी पुन्हा रोवा. सावली आता ८-९ सेंमी असेल, पण दक्षिणेला! ‘दुपारची सावली उत्तरेला पडते’ असे पाच महिने लिहिणारी मुले इथे थबकतील. उत्तर देण्याची घाई करू नका. तारखांची यादी एकमेकांना दाखवू द्या. सूर्य मध्यंतरी डोक्यावरून पलीकडे गेला, हे त्यांना स्वतःलाच उमगेल.