लांब पल्ल्याची हौस

1920 साली बेल्जियममधील अँटवर्प शहरी भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यत धावले. त्या वर्षीचा मार्ग पुढे रूढ झालेल्या मार्गाहून थोडा लांब, म्हणजे 42 किलोमीटर 750 मीटरांचा होता. चौगुल्यांनी तो 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत पुरा केला आणि त्यांचा क्रमांक 19वा लागला. हिशेब केला तर किलोमीटरला 4 मिनिटे पडतात. हा पथक पाठवण्याचा उद्योग पुण्याच्या डेक्कन जिमखान्याशी संबंधित मंडळींचा आणि सर दोराबजी टाटांचा. जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजींना वाटले की, यांच्या वेळा युरोपातील धावपटूंहून फारशा मागे नाहीत. थोडे शिक्षण मिळाले तर हे जगात उभे राहतील. शर्यतीत पहिला आलेला फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन हाही पेशाने गवंडी होता.

त्या काळी ‘हौशी’ या शब्दाला कायद्याची धार होती. खेळाचा मोबदला घेतला की ऑलिंपिकचे दार बंद होई. अमेरिकेच्या जिम थॉर्प यांनी 1912 साली मिळवलेली दोन सुवर्णपदके, त्यांनी पूर्वी किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता एवढ्यावरून, 1913 साली काढून घेण्यात आली. आज तो नियम उरलेला नाही. शब्द मात्र उरला आहे, आणि त्याचा अर्थ गमतीने उलटला आहे. पूर्वी धावण्याचे पैसे न घेणारा तो हौशी होता. आता धावण्यासाठी पदरचे पैसे भरणारा तो हौशी.

अशा हौशी माणसांची बेंगळुरूत वाण नाही. लालबागेत किंवा कब्बन पार्कात उजाडण्याच्या सुमारास गेले तर बँकांतील, संगणकाच्या कंपन्यांतील आणि सरकारी कचेऱ्यांतील स्त्रीपुरुष घामाघूम होऊन धावताना दिसतात. त्यांत मराठी बोलणारेही भेटतात. 2008 साली या शहरात 10 किलोमीटरची मोठी शर्यत सुरू झाली आणि पुष्कळांनी पहिले पाऊल तीत टाकले. ती जमली की पुढची ओढ लागते ती मुंबईची. मुंबईत 2004 पासून भरणारी मॅरेथॉन हिवाळ्यात असते, आणि 42 किलोमीटर 195 मीटरांचा तो पल्ला गाठण्याची तयारी बेंगळुरूकर जुलै-ऑगस्टच्या पावसातच सुरू करतो.

या तयारीविषयी एक समजूत सर्वत्र आढळते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच. तेव्हा येथे धावणाऱ्याला विरळ हवेचा आपोआप लाभ होतो, असे म्हणतात. वस्तुतः विरळ हवेचा उपयोग व्हावा तर उंची 2000 मीटरांच्या आसपास असावी लागते. म्हणूनच देशाचे नामवंत धावपटू निलगिरीत उदकमंडलमला जाऊन राहतात. बेंगळुरूची खरी देणगी गारव्याची आहे. भर मे महिन्यातही येथील पहाट सोसवते, त्यामुळे वर्षभर सराव खंडत नाही. ही देणगी पुढे मुंबईत कशी उलटते ते यथाक्रम येईल.

महाराष्ट्रात व्यायामाची परंपरा तालमीची. वस्तादाच्या नजरेखाली जोर-बैठका काढताना माती घामाने भिजली की दिवस सार्थकी लागला, ही तेथील कसोटी. लांब पल्ल्याच्या हौशी धावपटूला नेमकी हीच कसोटी घातक ठरते, कारण त्याच्या शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. दोन आठवड्यांच्या नियमित धावण्याने रक्तातील द्रवभाग वाढतो आणि हृदय एका ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते. सहा-आठ आठवड्यांत स्नायूंतील केसासारख्या रक्तवाहिन्या वाढतात, पेशींतील ऊर्जा निर्माण करणारे सूक्ष्म घटक वाढतात, आणि जो माणूस दोन किलोमीटरांत धापा टाकत होता तो आठ-दहा किलोमीटर सहज जाऊ लागतो. त्याला वाटते, आता आपण तयार झालो. परंतु तयार झालेला असतो तो केवळ त्याचा दमसास.

कंडरा आणि हाडे यांची चाल निराळी आहे. टाचेमागच्या कंडरेला रक्ताचा पुरवठा तुटपुंजा, त्यामुळे ती बळकट व्हायला महिनेच्या महिने जातात. हाडाची गोष्ट तर अधिक नवलाची. हाड दगडासारखे निर्जीव नाही. नव्या भाराची चाहूल लागली की शरीर प्रथम हाडातील जुना भाग पोखरून काढते आणि मग त्या जागी नवा, अधिक भक्कम भाग भरते. पोखरणे काही आठवड्यांत उरकते, भरणीला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षाही कच्चे असते. शहरातला रस्ता एक खाते खणून जाते आणि दुसरे खाते सवडीने बुजवते, त्यातलाच हा प्रकार. याच सुमारास दमसास वाढलेला असतो, उमेद वाढलेली असते आणि मित्रमंडळी पाठ थोपटत असतात. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार पायावर पडतो आणि एका किलोमीटरमध्ये अशी सुमारे हजार पावले पडतात. मग एके दिवशी नडगीच्या हाडात बारीक दुखू लागते. दुर्लक्ष केले तर तेथे केसाएवढी चीर पडते, आणि मुंबईची शर्यत दूरचित्रवाणीवर पाहावी लागते. अशी वेळ आळशी माणसावर क्वचितच येते. ती बहुधा मेहनती माणसावर येते.

यावरचा उपाय न्यूझीलंडच्या आर्थर लिडियर्ड यांनी दाखवला. हे गृहस्थ जोड्यांच्या कारखान्यात काम करीत. तिशीच्या आत-बाहेर अंग सुटले म्हणून स्वतः धावू लागले आणि स्वतःच्या शरीरावर प्रयोग करीत शिक्षक बनले. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल याने 800 मीटरचे आणि मरे हालबर्ग याने 5000 मीटरचे सुवर्णपदक मिळवले. बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. 800 मीटर धावणाऱ्यालाही लिडियर्ड आठवड्याला शंभर मैल धाववीत. त्यांतील बहुतेक मैल फार जोराचे नसत, आधी भक्कम पाया आणि मग वेग, हा त्यांचा क्रम होता. पुढे ऑकलंडमध्ये हृदयविकारातून उठलेल्या प्रौढ माणसांनाही त्यांनी याच वाटेने सावकाश धावायला शिकवले. हौशी माणसाने त्यांच्याकडून शंभर मैल घेऊ नयेत, क्रम मात्र जरूर घ्यावा.

सावकाश म्हणजे किती सावकाश? सोबत्याशी पुरे वाक्य बोलता यावे इतके. लालबागेत तिघे-चौघे गप्पा मारीत धावताना दिसले तर ते वेळ घालवीत आहेत असे समजण्याचे कारण नाही. बहुधा तेच शास्त्रशुद्ध धावत असतात. आठवड्यातले चार दिवस धावणे पुरते. त्यांतील एक दिवस, बहुतेकांचा रविवार, लांब पल्ल्यासाठी राखून ठेवावा. हा पल्ला 12 किलोमीटरपासून हळूहळू 30 ते 32 पर्यंत न्यावा आणि दर तीन आठवडे चढल्यावर चौथ्या आठवड्यात मुद्दाम उतरावा, म्हणजे मागे राहिलेल्या हाडांना दमसासाशी गाठ घालायला अवसर मिळतो. वेगाचे धावणे आठवड्यातून एकदाच, आणि तेही पाया बसल्यावर. ज्याला आधीच 10 किलोमीटर धावण्याची सवय आहे त्यालाही पाच-सहा महिने लागतात. चाळिशी ओलांडलेल्याने आरंभीच वैद्याकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी, हे निराळे सांगणे नको.

विश्रांतीचा विषय याहून नाजूक आहे. पेशेवर धावपटू दुपारी झोपतो. हौशी धावपटू त्या वेळी कचेरीत असतो. बेंगळुरूतील रस्ते सकाळी सातलाच वाहनांनी भरू लागतात, म्हणून हा गृहस्थ साडेचारला उठतो. रात्री मुलांचा अभ्यास, घरची कामे आणि दूरध्वनी आटोपून अंथरुणाला पाठ टेकायला अकरा वाजतात. धावण्यासाठी काढलेला तास हा असा झोपेतून काढलेला असतो. आणि हाडांची भरणी, स्नायूंची डागडुजी ही कामे शरीर प्रामुख्याने झोपेतच करते. ज्या आठवड्यात झोप झाली नाही त्या आठवड्यात धावणे कमी करणारा माणूस आळशी नसून हिशेबी आहे. घरच्यांच्या सहनशीलतेचाही असाच हिशेब ठेवावा लागतो. लग्नकार्याच्या दिवशी पहाटे 30 किलोमीटर धावून आलेला पाहुणा कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

आता शिदोरीचा प्रश्न. यकृत आणि स्नायू यांत मिळून साखरेचा जो साठा असतो तो सुमारे 400 ते 500 ग्रॅमचा, म्हणजे 2000 कॅलरींच्या आसपास. धावताना दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. 65 किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉनसाठी सुमारे 2700 कॅलरी लागतात. जमा 2000 आणि खर्च 2700. साठा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो, तो याचमुळे. तेथे पाय शिशाचे होतात आणि साधी बेरीजही सुचेनाशी होते. अंगात चरबी असतेच, सडपातळ माणसालाही ती शेकडो किलोमीटर पुरेल. पण ती सावकाश जळते. संथ आणि लांब धावण्याचा मोठा लाभ हा की, शरीर आरंभापासून चरबी अधिक आणि साखर कमी वापरायला शिकते. बाकीची तूट वाटेत केळे, खजूर किंवा गोड पेय घेऊन भरून काढावी. मात्र शर्यतीच्या दिवशी पोटात जायचे ते रविवारच्या सरावात आधी तपासून घेतलेले असावे.

आणि मुंबई. बेंगळुरूच्या कोरड्या गारव्यात घाम निघताच उडून जातो आणि उडताना अंगाची उष्णता नेतो. समुद्रकाठच्या दमट हवेत तो नुसता ओघळतो. कपडे भिजतात, अंग निवत नाही. बेंगळुरूत साधलेला वेग मुंबईत तसाच धरणारा माणूस म्हणूनच अर्ध्या वाटेत तापतो. यात एक अन्यायही आहे. जिंकणारे धावपटू दोन-सव्वादोन तासांत, ऊन चढण्याआधी मोकळे होतात. पाच-सव्वापाच तास लागणारा हौशी माणूस रस्त्यावर असतो तो भर उन्हात, आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ त्याच्यापुढे येतो तो नेमका साठा संपल्यावर. उष्णतेची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस आधी मुंबईत जाऊन राहणे नोकरदाराला शक्य नसते. शेवटच्या पंधरवड्यात थोडे धावणे पहाटेऐवजी दुपारच्या उन्हात करावे आणि शर्यतीत वेग आरंभापासूनच कमी धरावा, एवढे त्याच्या हातात असते.

तहानेची धास्ती घेऊन प्रत्येक थांब्यावर पाणी ढोसणे हेही धोक्याचे. 2002 सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमधील 488 धावपटूंची रक्ततपासणी झाली आणि निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण घसरले होते. हा धोका विशेषतः ज्यांचे वजन धावताना कमी होण्याऐवजी वाढले त्यांना आणि ज्यांना चार तासांहून अधिक लागले त्यांना दिसून आला. म्हणजे तोही संथ, सावध, हौशी माणसाच्याच वाट्याला. तहान लागेल तसे प्यावे, हे जुन्या माणसांचे सांगणे येथे पुरेसे ठरते.

शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे सराव निम्म्यावर आणायचा असतो. हा काळ भल्याभल्यांना जड जातो. पाय शिवशिवतात, नसलेली दुखणी जाणवतात, आणि एखादा 30 किलोमीटरचा पल्ला शेवटचा म्हणून मारून यावा असा मोह होतो. त्या पल्ल्याचा लाभ शर्यतीपर्यंत पदरात पडत नाही, शीण मात्र पडतो.

शर्यत आटोपून बेंगळुरूला परतलेला माणूस मंगळवारी कचेरीत ओळखू येतो. जिना चढताना तो चारचौघांसारखा चढतो. उतरताना मात्र कठडा धरून, आडवा होऊन, एकेक पायरी उतरतो. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात. उतरताना त्यांना ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलावा लागतो, आणि आदल्या रविवारी चाळीस हजारांहून अधिक वेळा हेच काम केल्याने त्यांचे तंतू जागोजागी फाटलेले असतात. ते भरून यायला एक-दोन आठवडे लागतात, आणि तोवर पुढच्या वर्षीची नावनोंदणी केव्हा सुरू होणार, याची चौकशी झालेली असते.