डीफ्रॅग करताना डेटा उडतो का?

विंडोज ९५ आणि ९८ वापरलेल्यांना तो पडदा नक्की आठवत असेल. रंगीत चौकोनांची जाळी, त्यातला एकेक चौकोन उठून दुसरीकडे जाऊन बसतोय आणि आतून हार्ड डिस्कची अखंड कुरकुर चालू. बरंचसं काम उरकलं असताना दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने डिस्कवर काही लिहिलं, की सगळं पुन्हा पहिल्यापासून! रात्री डीफ्रॅग लावून झोपणाऱ्याच्या मनात एकच धास्ती असे: मध्येच वीज गेली तर? भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी ही धास्ती अनुभवली. आजही जुना संगणक मंदावला, की कुणीतरी डीफ्रॅगचा सल्ला देतं आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

त्याचं उत्तर असं, की धडधाकट आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर डीफ्रॅग सुरक्षित आहे. मात्र ही दोन्ही विशेषणं महत्त्वाची.

सुट्या पानांची पोथी डोळ्यांसमोर आणा. पानं एका बासनात क्रमाने असतील तर वाचन सलग होतं. तीच पानं चार कपाटांत विखुरली, तर प्रत्येक पानासाठी उठावं लागतं. हार्ड डिस्कवर फाइल अशीच छोट्या कप्प्यांत ठेवली जाते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत हा कप्पा सहसा ४ केबीचा असतो. सलग जागा मिळाली नाही, की फाइलचे तुकडे मिळेल तिथे जाऊन बसतात. मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणाऱ्या तबकडीला एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हव्या त्या जागी वाचन-लेखनाचं हेड न्यायचं आणि तबकडीचा नेमका भाग त्याच्याखाली येईपर्यंत थांबायचं, यात साधारण १२-१३ मिलिसेकंद जातात. फाइलचे हजार तुकडे असतील तर नुसत्या शोधाशोधीतच बारा-तेरा सेकंद गेले. डीफ्रॅग हे तुकडे उचलून शेजारी-शेजारी लावतं.

आता वीज जाण्याचं. विंडोज तुकडा हलवताना आधी नव्या जागी त्याची प्रत करतं, मग फाइलच्या नकाशात नवा पत्ता नोंदवतं आणि त्यानंतरच जुनी जागा मोकळी करतं. एनटीएफएसमध्ये नकाशातल्या बदलांची वेगळी रोजनिशीही ठेवली जाते. त्यामुळे मध्येच अंधार झाला तरी सहसा जुना पत्ता किंवा नवा पत्ता, दोन्हींपैकी एक शाबूत राहतो. विंडोज ९८ च्या फॅट पद्धतीत अशी रोजनिशी नव्हती. तेव्हाची भीती अगदीच पोकळ नव्हती, ती यामुळे.

एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कची गोष्ट वेगळी. तिच्यात ना तबकडी, ना हेड. कुठलाही तुकडा कुठेही असला तरी जवळजवळ तितक्याच वेळात सापडतो, मग आवराआवरीचा फायदा नगण्य. उलट तिच्या पेशी ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतात, म्हणून विनाकारण लिहिणं म्हणजे झीज. २००९ साली आलेल्या विंडोज ७ ने एसएसडीसाठी नेहमीचं डीफ्रॅग बंद केलं. विंडोज ७ पासूनच तिला ट्रिम नावाची सूचना दिली जाते, म्हणजे कोणती जागा आता रिकामी आहे एवढंच कळवलं जातं. २०२० मध्ये विंडोज १० च्या एका आवृत्तीत गडबड झाली होती. शेवटचं काम कधी झालं हेच ती विसरत असे आणि डिस्कची देखभाल गरजेपेक्षा जास्त वेळा करत असे. त्या सप्टेंबरमध्ये दुरुस्ती आली. एखाद्या वेळी चुकून डीफ्रॅग झालं म्हणून एसएसडी बिघडत नाही, घाबरू नये.

आपल्याकडे नेमकी कोणती डिस्क आहे हे पाहायला विंडोजच्या शोधपट्टीत डीफ्रॅग टाइप करावं. उघडणाऱ्या यादीत प्रत्येक ड्राइव्हसमोर तिचा प्रकार लिहिलेला असतो. डीफ्रॅग किंवा ट्रिमचं काम एरवी दर आठवड्याला आपोआप होतंच, त्यामुळे त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही.

खरा धोका दोन प्रसंगी असतो. पहिला, चुकून फाइल पुसली गेली असेल तेव्हा. पुसलेल्या फाइलचा मजकूर काही काळ तिथेच असतो, पण डीफ्रॅग त्या मोकळ्या जागेवर दुसरे तुकडे आणून बसवतं आणि फाइल परत मिळण्याची आशा संपते.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर. डिस्कमधून टकटक आवाज येतोय, साधी फाइल उघडताना संगणक गोठतोय, किंवा ‘स्मार्ट’ या डिस्कच्या स्वयंतपासणीत खराब सेक्टरांचा आकडा वाढतोय. अशा डिस्ककडून तासन् तास वाचन-लेखन करून घेणं म्हणजे धाप लागलेल्याला डोंगर चढायला लावणं. पुष्कळदा मंदपणाचं मूळ कारण हा बिघाडच असतो आणि लोक नेमका तेव्हाच डीफ्रॅगचा उपाय करतात. तसं करू नका. डिस्क अजून वाचता येते आहे तोवर घरातले फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.