विश्लेषण : फिरवले तरी न बदलणारे गणित! हरीश-चंद्र यांनी नेमके काय शोधले?

अकरावीच्या रसायनशास्त्रात एस, पी, डी, एफ कक्षकांची संख्या १, ३, ५, ७ अशी पाठ करावी लागते. या आकड्यांचे मूळ सममितीच्या गणितात आहे. कानपूरमध्ये १९२३ साली जन्मलेल्या हरीश-चंद्र यांनी त्याच गणिताला भक्कम पाया दिला.

‘इन्व्हेरियंट ऑपरेटर’ म्हणजे काय?

तापलेला तवा डोळ्यांसमोर आणा. ‘पूर्वेकडे सरकताना तापमान किती वाढते?’ याचे उत्तर तवा फिरवला की बदलते. ‘एखादा बिंदू आजूबाजूच्या सरासरीपेक्षा किती गरम आहे?’ याचे मात्र बदलत नाही. आधी फिरवून मोजा किंवा मोजून फिरवा, निकाल एकच. हे दुसरे मोजमाप करणारी विकलनाची क्रिया म्हणजे लाप्लास ऑपरेटर. तो इन्व्हेरियंट, म्हणजे फिरवण्याने न बदलणारा डिफरन्शियल ऑपरेटर आहे.

कक्षकांशी संबंध काय?

गोल फिरवण्याच्या सर्व प्रकारांचा मिळून एक ‘गट’ होतो. गोलावरच्या लहरी फिरवल्या, तर त्या आपापल्या कुटुंबातच मिसळतात. ही कुटुंबे १, ३, ५, ७ अशा सदस्यसंख्येची असतात आणि आणखी तुटत नाहीत. गणितात त्यांना गटाची ‘अविभाज्य रिप्रेझेंटेशन्स’ म्हणतात. लाप्लास ऑपरेटर एका कुटुंबातील सर्वांना एकाच संख्येने गुणतो. चिन्ह बाजूला ठेवले, तर या संख्या ०, २, ६, १२ अशा येतात. म्हणजेच ०×१, १×२, २×३, ३×४. ही संख्या त्या कुटुंबाचे जणू ओळखपत्रच!

मग अडचण कुठे होती?

मोठ्या गटांत एक क्रमांक पुरत नाही. कणभौतिकीतील एसयू(३) गटात क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या त्रिकुटांचा पहिला क्रमांक सारखाच येतो. त्यांना वेगळे ओळखायला दुसरा ऑपरेटर लागतो. मग एकूण ऑपरेटर किती लागतील?

हरीश-चंद्र यांच्या १९५१च्या शोधनिबंधात याची किल्ली आहे. हे क्लिष्ट ऑपरेटर साध्या बहुपदींमध्ये उतरवता येतात. एसयू(३)साठी क्ष, य, झ या तीन राशी घ्या. त्यांची बेरीज शून्य. अदलाबदल केली तरी न बदलणाऱ्या मूळ बहुपदी मग दोनच उरतात : दोन-दोन राशींच्या गुणाकारांची बेरीज आणि तिन्हींचा गुणाकार. म्हणून मूळ ऑपरेटरही दोनच. याला ‘हरीश-चंद्र समरूपता’ म्हणतात.

भौतिकशास्त्र का सोडले?

बंगळूरुत होमी भाभांसोबत काम केल्यावर ते १९४५ मध्ये केंब्रिजला पॉल डिरॅक यांच्याकडे गेले. १९४७ मध्ये पीएचडी मिळाली. आपली सिद्धता काटेकोर नाही, ही खंत त्यांनी डिरॅक यांना सांगितली. डिरॅक यांना मात्र सिद्धतेपेक्षा निसर्ग काय करतो यातच रस होता. आपला पिंड गणिताचा आहे, हे हरीश-चंद्र यांनी ओळखले. पुढे कोलंबिया विद्यापीठ आणि १९६३ पासून प्रिन्स्टनची ‘इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडी’ ही त्यांची कर्मभूमी ठरली.

आज महत्त्व काय?

संख्याशास्त्राला नव्हे, तर पूर्णांक व मूळसंख्यांच्या अभ्यासाला सममितीशी जोडणारा ‘लँगलँड्स कार्यक्रम’ त्यांच्या कामावर उभा आहे. रॉबर्ट लँगलँड्स यांना २०१८ मध्ये आबेल पुरस्कार मिळाला. हरीश-चंद्र यांचे १९८३ मध्ये, वयाच्या ६०व्या वर्षी निधन झाले. प्रयागराजची संशोधन संस्था आज त्यांचे नाव चालवते.