चेंडू कोण देतो?

गेल्या थंडीत नवी मुंबईतल्या करावे गावातल्या एका डावखुऱ्या गोलंदाजाने निवृत्ती जाहीर केली. जाहीर म्हणजे काय, तर रविवारची मॅच संपल्यावर बूट काढता काढता तो शेजारच्याला ‘आता बस’ म्हणाला आणि चहा येईपर्यंत ते सगळ्या मैदानाला कळलं. वय ४६. टेनिस बॉलवर पंचवीसेक वर्षं गावाकडून खेळलेला. अंगणातल्या दोरीवर टॉवेल टाकतानाही खांद्यात कळ येते, हे त्यानेच सांगितलं.

त्यावर सुरू झालेली चर्चा पुढचे तीन रविवार पुरली. दोन वर्षांपूर्वीच थांबायला हवं होतं, असं म्हणणारे होते. आजच्या पोरांपेक्षा त्याच्या चार ओव्हर परवडल्या, असं म्हणणारेही होते. मग कॉलेजातल्या एका पोराने सगळ्यांची तोंडं बंद करणारा प्रश्न टाकला, ‘इंडिया सोरा, मुंबईला तरी खेलला का तो?’ क्षणभर कोणी बोललं नाही. कट्ट्यावरचे एक काका तेवढे हळूच म्हणाले, ‘त्याचे हातान बॉल दिला कोनी?’

काकांचं वाक्य मी घरी घेऊन आलो. गोलंदाजाच्या थोरवीची मोजदाद करताना आपण विकेट मोजतो, सामने मोजतो, ‘इंडिया खेळला का’ हे तर पहिलं विचारतो. पण फलंदाज आणि गोलंदाज यांच्यात एक साधा फरक आहे. संघात नाव आलं की फलंदाजाची पाळी आपोआप येते. वरचे सगळे बाद झाले, की अकराव्या नंबरवालाही पॅड बांधून खेळपट्टीवर जातो. गोलंदाजाचं तसं नाही. संघात असूनही त्याचा पूर्ण दिवस कव्हरला उभं राहण्यात जाऊ शकतो. कोणीतरी त्याच्याकडे बघून चेंडू टाकावा लागतो. त्यामुळे त्याची कारकीर्द जितकी त्याच्या मनगटात असते, तितकीच दुसऱ्याच्या विश्वासावर असते. शेवटही तसाच.

बेसबॉलमध्ये ही गोष्ट उघड्यावर दिसते. तिथला पिचर म्हणजे आपला गोलंदाज. त्याला काढायचं ठरलं की मॅनेजर स्वतः मैदानात चालत येतो, हात पुढे करतो आणि पिचर त्याच्या तळहातावर चेंडू ठेवून निघून जातो. हजारो लोकांसमोर. आपल्याकडे कर्णधार नुसता दुसऱ्याला हाक मारतो, पहिल्याने समजून घ्यायचं.

गेल्या वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्सचा क्लेटन कर्शॉ निवृत्त झाला तेव्हा तिकडेही असाच कट्टा रंगला होता. २००८ पासून १८ हंगाम एकाच संघाकडून खेळलेला हा डावखुरा. २ जुलै २०२५ रोजी त्याने फलंदाज ‘स्ट्राइक आउट’ करण्याचा तीन हजारांचा टप्पा गाठला. पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार त्याने तीनदा मिळवला. बेसबॉलमध्ये पिचर दर नऊ डावांमागे किती धावा देतो ते मोजतात. कर्शॉचा हा आकडा साखळी सामन्यांत २.५३, आणि हंगामाच्या अखेरच्या बाद फेऱ्यांत साडेचारच्या वर. झालं! एक बाजू म्हणते, शंभर वर्षांत असा पिचर झाला नाही. दुसरी म्हणते, मोक्याच्या वेळी ढेपाळायचा. दोन्ही बाजूंकडे आकडे आहेत, म्हणून भांडण मिटत नाही.

तिकडे या भांडणासाठी एक संस्थाच आहे. ‘हॉल ऑफ फेम’. किमान दहा हंगाम खेळलेल्या खेळाडूचा विचार निवृत्तीनंतर पाच वर्षं उलटल्यावरच होतो. बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार मतं देतात आणि ७५ टक्के मतं पडली तरच प्रवेश. म्हणजे कर्शॉचं नाव २०३१ च्या आधी मतपत्रिकेवर येत नाही. मला ही पाच वर्षांची अट फार शहाणपणाची वाटते. निरोपाचे हार सुकतात, डोळ्यांतलं पाणीही आटतं. आपल्याकडे निकाल त्याच संध्याकाळी लागतो, चहाच्या ग्लासाबरोबर.

शरीराचंही थोडं सांगायला हवं, कारण थांबण्याची पहिली चिठ्ठी तिथूनच येते. पिचर कोपर वाकवून फेकतो, त्यामुळे ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर येतो. सामना सुरू करणाऱ्या पिचरने एका सामन्यात शंभराच्या आसपास चेंडू टाकले की त्याला चार-पाच दिवस विश्रांती देतात. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हाताच्या मनगटातला स्नायुबंध बसवला, आणि तो १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला आज त्याचंच नाव आहे. क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजाची गोष्ट वेगळी. चेंडू टाकताना त्याने कोपर १५ अंशांहून जास्त सरळ केलं तर तो नियमबाह्य ठरतो, म्हणून ओझं पाठीवर, गुडघ्यावर आणि पुढचा पाय आपटतो त्या घोट्यावर जातं. आमच्या टेनिसवाल्यांची तिसरीच तऱ्हा. सीझन बॉल १६० ग्रॅमच्या आसपास, बेसबॉल १४५ च्या आगेमागे, आणि साधा टेनिस बॉल साठ ग्रॅमसुद्धा नाही. हलका चेंडू स्वतःहून पळत नाही, सगळा जोर खांद्यातून काढावा लागतो. भात कापल्यावर मोकळ्या शेतात स्टंप ठोकून खेळलेल्या पिढीचे आणि नंतर सिडकोने वसवलेल्या शहरात उरलेल्या मैदानांवर खेळलेल्या पिढीचेही खांदे असेच गेले. फिजिओ वगैरे नाही. तेल चोळायचं आणि पुढच्या रविवारी यायचं.

फिरकीवाले मात्र टिकतात, आणि ‘इंडिया खेळला का’ या प्रश्नाचं सर्वांत खणखणीत उत्तर एका फिरकीवाल्याकडेच आहे. पद्माकर शिवलकर. शिवाजी पार्कचे, डावखुरे, आकड्यांत बोलायचं तर १२४ प्रथमश्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. एका डावात पाच किंवा अधिक बळी ४२ वेळा. कसोटी सामने, शून्य.

१९७२-७३ चा रणजी अंतिम सामना चेपॉकला झाला. मुंबई तेव्हा सलग चौदा वर्षं विजेती होती. वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार या आपल्या फिरकीवाल्यांना साजेशी खेळपट्टी तमिळनाडूने तयार ठेवली होती. मुंबई १५१ आणि ११३ धावांत गडगडली. पण जो खड्डा खणला, त्यात तमिळनाडूच उतरलं, ८० आणि ६१. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्यात १८ धावांत पाच गडी टिपले. सामना दोन दिवस आणि एक चेंडू चालला. मुंबईचं सलग पंधरावं विजेतेपद.

मग भारताच्या संघात का नाहीत? उत्तर सगळ्यांना पाठ आहे, बिशनसिंग बेदी. त्याच जातीची गोलंदाजी, ६७ कसोटी, २६६ बळी. संघात डावखुऱ्या फिरकीला एकच खुर्ची, आणि तिच्यावर बेदी १९७९ पर्यंत बसलेले. ते उठले तेव्हा शिवलकर चाळिशीला टेकले होते आणि खुर्ची दिलीप दोशींना मिळाली. हरियाणाचे राजिंदर गोयल याच रांगेत उभे होते. रणजीत ६३७ बळींचा विक्रम, आणि तेही एकही कसोटी न खेळता गेले. सुनील गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात आपल्या आदर्श खेळाडूंमध्ये या दोघांना बसवलं. क्रिकेट मंडळाने २०१७ मध्ये दोघांनाही एकत्रच कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला.

शिवलकर गातही छान. त्यांच्या आत्मकथनाच्या नावात चेंडू आणि दैवगती हे दोन्ही शब्द आहेत. दैवगतीशी माझं थोडं भांडण आहे. बेदींच्या काळात जन्मणं हे दैव, मान्य. पण एखाद्या दौऱ्यावर, एखाद्या फिरकीच्या खेळपट्टीवर दोन डावखुरे खेळवावेत की नाही हे दैव ठरवत नाही. ते एका खोलीत बसलेली चार-पाच माणसं ठरवतात. दैवाला नावं ठेवून माणसं सुटतात.

मला त्यांच्या कारकिर्दीचा शेवट जास्त भावतो. १९८०-८१ च्या सुमारास ते थांबले होते. १९८७-८८ च्या हंगामात मुंबईने त्यांना पुन्हा बोलावलं, वयाच्या ४७ व्या वर्षी, आणि ते आले. मुंबईकडे पोरांची कमी नव्हती. तरी कोणाला तरी वाटलं की या हातात अजून चेंडू द्यावा. गंमत म्हणजे त्याच १९८७ च्या सप्टेंबरात अमेरिकेत फिल नीक्रो नावाचा पिचर ४८ व्या वर्षी शेवटचा सामना खेळत होता. ३१८ विजय नावावर असूनही त्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला मतदारांनी पाच खेपा लावल्या. नीक्रोचं हत्यार होतं नकल बॉल. चेंडू नखांनी आणि बोटांच्या टोकांनी असा धरायचा, की सुटताना तो फिरतच नाही, हवेत डुलत जातो. जोर लागत नाही, म्हणून हात टिकतो.

हाच नकल बॉल श्रीरामपूरच्या झहीर खानने क्रिकेटमध्ये, २०११ च्या विश्वचषकात वापरला. अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात माईक हसीचा त्रिफळा त्यानेच उडवला. त्या स्पर्धेत झहीरचे २१ बळी, कसोटीत ३११. पण निरोप? शेवटची कसोटी फेब्रुवारी २०१४ ची, वेलिंग्टनला, ब्रेंडन मॅक्युलमने ३०२ काढले ती. निवृत्तीची घोषणा १५ ऑक्टोबर २०१५ ला. मधल्या वीस महिन्यांत भारताच्या कोणत्याही कर्णधाराने त्याच्याकडे चेंडू टाकला नाही. इतका मोठा गोलंदाज आणि शेवटचं षटक कोणतं हे त्या दिवशी त्यालाही ठाऊक नसावं.

याच्या अगदी उलट १४ मार्च २०२४ चा वानखेडे. रणजी अंतिम सामना, मुंबई विरुद्ध विदर्भ. धवल कुलकर्णी, वय ३५, शेवटचा सामना. २००८-०९ मध्ये पहिल्याच रणजी हंगामात ४२ बळी घेऊन आलेला, २००९ मध्ये न्यूझीलंड दौऱ्याच्या कसोटी संघात निवडलेला, पण कसोटी कधीच न खेळलेला. भारताकडून १२ एकदिवसीय, दोन ट्वेंटी-२०. या अंतिम सामन्यात तो मोहित अवस्थीच्या जागी आला आणि पहिल्या डावात १५ धावांत तिघांना बाद केलं. दुसऱ्या डावात विदर्भाने ५३८ चा पाठलाग करताना ३६८ पर्यंत मजल मारली, मुंबईची चांगलीच दमछाक केली. शेवटचा गडी उरला तेव्हा अजिंक्य रहाणेने चेंडू धवलकडे दिला. समोर उमेश यादव. त्रिफळा. मुंबईचं ४२ वं विजेतेपद आणि कारकीर्द एकाच चेंडूवर संपली.

कोणी म्हणेल, हे भावनेचं राजकारण झालं. तसं असेलही. पण १६९ धावांनी जिंकत असलेला सामना कोणी संपवायचा, हे ठरवायला कर्णधाराला दुसरं काही लागत नाही. कर्शॉलाही असाच चेंडू मिळाला होता, आणि तो तर बिकट वेळी. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, तिसरा सामना १८ डावांपर्यंत लांबला. बाराव्या डावात तिन्ही बेसवर प्रतिस्पर्धी उभे असताना मॅनेजरने ३७ वर्षांच्या या माणसाला बोलावलं. त्याने एकच फलंदाज बाद करायचा होता, केला. मोक्याच्या वेळी ढेपाळतो म्हणणाऱ्यांच्या तोंडावर शेवटचं षटक टाकून गेला, असं म्हणायला हरकत नाही.

डॉजर्सनी ती मालिका जिंकली तेव्हा आपल्याकडे २ नोव्हेंबरची सकाळ उजाडली होती, रविवारची. त्याच दिवशी करावेच्या शेजारी, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पावसाने दोन तास खाल्ले. भारत ७ बाद २९८, दक्षिण आफ्रिका २४६. मध्यरात्र उलटली तरी सीवूड्स स्टेशनच्या बाहेर रिक्षावाले मोबाईलभोवती गोळा होऊन उभे, भाडं नाकारायला त्यांना त्या रात्री तरी सबळ कारण होतं. दीप्ती शर्माने ३९ धावांत पाच बळी घेतले. पण माझ्या लक्षात राहिलं ते नंतरचं. कर्णधार हरमनप्रीत आणि पोरींनी करंडक उचलून झाल्यावर तो मैदानावर उभ्या असलेल्या झुलन गोस्वामीच्या हातात दिला.

झुलन २४ सप्टेंबर २०२२ ला लॉर्ड्सवर थांबली होती. एकदिवसीय सामन्यांत २५५ बळी, महिलांमध्ये सर्वाधिक. २००५ आणि २०१७ चे विश्वचषक अंतिम सामने खेळली, दोन्ही हरली. नेरुळला ती खेळाडू म्हणून आलीच नव्हती. ती करंडक धरून रडत होती. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी, ज्या सामन्यात एकही षटक टाकलं नाही त्या सामन्याचा करंडक. आकड्यांच्या कुठल्या रकान्यात हे भरायचं?

हे सगळं मी कट्ट्यावर सांगितलं. कॉलेजातला पोरगा ऐकून घेऊन म्हणाला, ‘म्हणजे इंडिया नाय खेलला तरी चालतं?’ काका हसले. वाद काही मिटला नाही, दोन वर्षं आधी थांबायला हवं होतं म्हणणारे अजून तेच म्हणतात.

आमचा डावखुरा पुढच्या रविवारी आला तो पांढरी टोपी घालून, पंच म्हणून. टेनिसच्या मॅचला नवा चेंडू पंचाच्या खिशात असतो. त्याने तो काढला, बोटांत दोनदा फिरवला, खिशाला पुसला, जरा वेळ हातात ठेवला, आणि समोर उभ्या असलेल्या पोराकडे टाकला.