मोंढ्यातली पट्टी, फोनमधली चिप आणि पावसाचा अंदाज: काय आहे ‘डेटाफ्लो’?

परतूरच्या मोंढ्यात सोयाबीनचे वाहन लागले, की हिशेबाची दोन कामे निघतात. समजा माल १२ क्विंटल, भाव ४,५०० रुपये, झाले ५४,०००. दुसरीकडे २० कट्टे, कट्ट्याला १२ रुपये हमाली, झाले २४०. वजा केले, की ५३,७६० रुपयांची पट्टी तयार. यातला कोणता गुणाकार आधी करायचा याला महत्त्व नाही. दोन माणसे असतील तर दोन्ही एकाच वेळी होतात. वजाबाकीला मात्र दोन्ही आकड्यांची वाट पाहावी लागते.

‘डेटाफ्लो’ म्हणजे हेच. नेहमीचा संगणक सूचनांची यादी ठरलेल्या क्रमाने वाचतो. डेटाफ्लो यंत्रात तसा क्रम नसतो. ज्या क्रियेला लागणारे आकडे पोहोचले, ती क्रिया सुरू! हजार क्रियांचे आकडे तयार असतील आणि यंत्रात तेवढी जागा असेल, तर हजार एकदम चालतात.

एमआयटीचे जॅक डेनिस यांनी १९७० च्या दशकात ही मांडणी पुढे आणली. तिचा अनेक वर्षे पाठपुरावा केला तो तिथलेच प्रा. अरविंद यांनी. ते आयआयटी कानपूरचे पदवीधर. त्यांच्या गटाने मोटोरोला कंपनीबरोबर बांधलेल्या डेटाफ्लो यंत्राचे नाव होते ‘मान्सून’. अरविंद यांचे जून २०२४ मध्ये निधन झाले.

मग अडले कुठे?

प्रत्येक आकड्यासोबत ‘हा कुठल्या हिशेबातला’ अशी खूण फिरवावी लागे. खुणा जुळवून जोडीचा आकडा शोधण्यातच यंत्राचा वेळ जाई. दरम्यान साध्या चिप दरवर्षी वेगवान आणि स्वस्त होत गेल्या. डेटाफ्लो यंत्रे बाजारात टिकली नाहीत, पण कल्पना चिपच्या आत शिरली. तुमच्या फोनचा मुख्य प्रोसेसर एका वेळी बऱ्याच सूचनांवर नजर ठेवतो. ज्यांचे आकडे आले त्या आधी उरकतो आणि निकाल मात्र मूळ क्रमाने नोंदवतो. एआयसाठीच्या काही नव्या चिप तर उघडपणे डेटाफ्लो पद्धतीच्याच आहेत.

परतूरला याचे काय?

पहिल्या पावसावर पेरणी केली आणि पुढे खंड पडला, तर दुबार पेरणी. बियाणे, खत, मजुरी, सगळे पुन्हा. म्हणून अंदाज बारीक हवा आणि वेळेत हवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ ला सुरू झाली. आधीच्या १२ किलोमीटरच्या चौकटी ६ किलोमीटरच्या झाल्या; म्हणजे चौकटींची संख्या चौपट. प्रत्येक चौकटीच्या पुढच्या गणिताला शेजारच्या चौकटींचे आकडे लागतात. इथेही वाट पाहणे आलेच.

हे काम आयआयटीएमचा ‘अर्का’ महासंगणक करतो. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी गणिते. (त्याच्या लोकार्पणाच्या दिवशी, २६ सप्टेंबर २०२४ ला, पावसामुळेच पंतप्रधानांचा पुणे दौरा रद्द झाला होता. सोहळा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने पार पडला.) ‘अर्का’ हे डेटाफ्लो यंत्र नव्हे, पण त्यातले प्रोसेसरही आकडे आले की क्रम सोडून काम उरकतात. जुन्या ‘प्रत्युष’ महासंगणकाला ज्या अंदाजासाठी दहा तासांपर्यंत लागत, तो आता सुमारे चार तासांत निघतो. मध्यरात्री सुरू केलेले गणित सकाळी दहाऐवजी पहाटे चारलाच हाती येते. शेतकरी तिफण घेऊन निघण्याआधी.