बोलता येते, पण बोलवत नाही

घरी भावंडांशी तासन्‌तास गप्पा मारणारी एखादी तिशीतली व्यक्ती बँकेच्या खिडकीपाशी स्वतःचे नावही सांगू शकत नाही. लोक तिला लाजाळू, शिष्ट किंवा मुखदुर्बळ ठरवून मोकळे होतात. प्रत्यक्षात हा ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’, म्हणजे निवडक मौन असू शकते. यातला ‘निवडक’ हा शब्द मात्र फसवा आहे. हे मौन कोणी आपणहून निवडत नाही. भीतीने घसा आवळल्यासारखा होतो आणि शब्द ओठांशीच अडतात.

१८७७ मध्ये जर्मन वैद्य अडॉल्फ कुसमाउल यांनी या अवस्थेला ‘ऐच्छिक’ वाचाहीनता म्हटले होते. पुढे ही समजूत बदलली. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत हा विकार चिंताविकारांमध्ये धरला गेला. त्याची सुरुवात बहुधा वयाच्या पाचव्या वर्षाआधी होते. ‘मोठेपणी सुटेल’ म्हणून दुर्लक्ष झाले, तर काहींची नोकरी, मैत्री आणि औषधोपचारही त्यात अडकतात.

खरी अडचण पुढेच आहे. मदत मागायची तर बोलावे लागते! त्यावर काही साधे उपाय आहेत.

भेटीची वेळ विश्वासातल्या माणसाने घ्यावी किंवा मेसेज पाठवून मागावी. पहिल्या भेटीला एक पानभर मजकूर लिहून न्यावा: कोणाशी बोलता येते, कुठे येत नाही, कधीपासून, त्या वेळी शरीरात काय होते आणि उत्तरे लिहून दिली तर चालेल का.

जायचे मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे. या विकाराचे प्रौढ रुग्ण पाहिलेले तज्ज्ञ सहज सापडत नाहीत. अशा वेळी सामाजिक भीतीवर वर्तन-उपचार करण्याचा अनुभव आहे का, हे विचारावे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागातही चौकशी करता येते. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

उपचार पायरीपायरीने होतात. आधी मान हलवणे, मग कुजबुज, मग एक शब्द, मग वाक्य. ओळखीच्या माणसाशी बोलणे सुरू असताना तज्ज्ञ हळूहळू त्यात सामील होतात. गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञ चिंता कमी करणारी औषधेही देतात. ऐकण्याचे दोष, वाचादोष किंवा स्वमग्नता आहे का, हेही तपासले जाते.

एक इशारा महत्त्वाचा. आजवर नीट बोलणाऱ्या माणसाची वाचा अचानक गेली, तर ते निवडक मौन समजू नये. तो पक्षाघात असू शकतो. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

घरच्यांनी ‘बोल ना एकदाचे’ असा आग्रह धरू नये. प्रश्न विचारून थोडे थांबावे. चिठ्ठीवर आलेले उत्तरही उत्तरच असते.