संगणक सुरू होताना येणारे आवाज व त्यांची परीक्षा

उन्हाळ्याच्या तोंडी बाजारातून माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का. बद्द आला तर कोठेतरी तडा आहे, हे सांगावयास कुंभार लागत नाही. आवाजावरून वस्तूचे अंतरंग ओळखण्याची हीच रीत शाळेतील संगणकासही लागू पडते.

विदर्भातील शाळा उन्हाळी सुट्टीनंतर जूनच्या अखेरीस उघडतात. तोपर्यंत कित्येक आठवडे संगणक बंद खोलीत पडून असतो. मे महिन्यात नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. त्या उष्णतेत पंख्याच्या आसाचे वंगण सुकते, फटींतून धूळ शिरते, कोळी जाळी विणतात. मग शाळा उघडताच बटण दाबले की घरघर, खडखड किंवा टिकटिक ऐकू येते. अशा वेळी काही जण घाबरून यंत्र कायमचे झाकून ठेवतात, तर काही जण "होईल सुरू" म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबतात. पहिल्याने यंत्र वाया जाते, दुसऱ्याने त्यातील माहिती. म्हणून आवाज कोणता, हे आधी ओळखावे.

निरोगी संगणकही अगदी मुका नसतो. बटण दाबताच पंखे काही क्षण जोराने फिरतात व मग मंदावतात. सीडीची खोबण असल्यास ती एकदा कुरकुरते. पुष्कळ संगणकांत एक आखूड "बीप" ऐकू येतो. सुरू होताना संगणक स्वतःची तपासणी करतो आणि सर्व ठीक असल्याचे तो या बीपने कळवितो. हे आवाज नित्याचे समजावेत. नित्याचा आवाज कानात बसलेला असला म्हणजेच अनित्य आवाज ओळखता येतो.

अनित्य आवाजाविषयी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आवाज कोठून येतो? त्याची लय कशी आहे? तो काही वेळाने थांबतो की चालूच राहतो? जागा ठरविण्यासाठी जाड कागदाची नळी करून तिचे एक टोक कानाशी व दुसरे पेटीच्या बाहेरून निरनिराळ्या भागांशी धरावे.

घरघर किंवा खरखर अखंड चालू असेल, तर दोष बहुधा पंख्याचा असतो. मार्च महिन्यात कूलर प्रथम लावताना त्याचा पंखा कसा कुरकुरतो, हे आपणांस ठाऊक आहेच. येथेही कारण तेच. नियमित "टर्रर्र" असा आवाज येत असेल, तर एखादी तार पात्यांना घासत असण्याचा संभव आहे. संगणक बंद करून प्लग काढावा, पेटीची बाजूची झडप उघडावी, प्रथम पेटीच्या धातूस हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी आणि मऊ ब्रशाने धूळ काढावी. त्या वेळी पाती बोटाने धरून ठेवावीत, म्हणजे ती वेगाने गरगरणार नाहीत. सुटलेली तार बाजूस बांधावी. कूलरचे तेल मात्र येथे ओतू नये. घरघर न थांबल्यास पंखाच बदलावा. पंखा स्वस्त मिळतो, परंतु तो बंद पडल्यास तापलेले महाग भाग बिघडतात.

एकाऐवजी अनेक बीप येऊन पडदा काळाच राहिला, तर ती तपासणीत आढळलेल्या दोषाची सूचना होय. या बीपांची परिभाषा कंपनीपरत्वे भिन्न असते. म्हणून किती लांब व किती आखूड बीप आले, ते वहीत टिपून तंत्रज्ञास सांगावे. दीर्घकाळ बंद असलेल्या यंत्रात रॅमची पट्टी खोबणीत नीट न बसल्याने असे पुष्कळदा घडते. वरीलप्रमाणे प्लग काढून ती पट्टी एकदा बाहेर काढून घट्ट बसविली, तर कित्येकदा काम भागते. मात्र त्यापूर्वी बीप संगणकाचाच आहे ना, हे पाहावे. वीज गेल्यावर यूपीएसही ठरावीक अंतराने ओरडतो आणि दोष संगणकाच्या माथी येतो.

चटचट आवाज येऊन जळका वास सुटला, तर भिंतीवरील बटण तत्काळ बंद करावे. हा दोष बहुधा वीज पुरविणाऱ्या पेटीचा, म्हणजे एसएमपीएसचा असतो. प्लग काढल्यावरही तिच्यात काही काळ घातक वीज साठून राहते. ती पेटी शिक्षकांनी कदापि उघडू नये, विद्यार्थ्यांस तर जवळही येऊ देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचा आवाज. "टिक्‌… टिक्‌… टिक्‌" असा ठरावीक लयीचा ठोका पेटीच्या आतून येत असेल, तर तो हार्ड डिस्कचा असण्याचा फार संभव आहे. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या लहान तबकड्या मिनिटाला साधारणतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ग्रामोफोनची सुई तबकडीस टेकते. येथील वाचक टोक मात्र केसाच्या जाडीच्या हजारांश भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. त्या टोकास खुणा वाचता आल्या नाहीत की ते मागे येऊन पुन्हा प्रयत्न करते, आणि तोच हा ठोका. टोक तबकडीस घासत असेल, तर प्रत्येक वेळी यंत्र सुरू करताना अक्षरे खरवडली जाण्याचा धोका असतो.

म्हणून ठोका ऐकताच दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संगणक सुरू झालेला असेल, तर प्रथम निकालपत्रके, दाखल-खारीज नोंदवहीची संगणकातील प्रत इत्यादी आवश्यक कागद पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत व मगच यंत्र बंद करावे. तो सुरूच होत नसेल, तर बटण पुन्हा दाबू नये. डिस्क तशीच तज्ज्ञाच्या हाती द्यावी. पंखा, रॅम, नव्हे संपूर्ण संगणकही नवा मिळेल. परंतु चार वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्या मुलाची नोंद कोणत्याही दुकानात मिळत नाही.

नव्या संगणकांतील एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ती आवाज न करताच बंद पडू शकते. यास्तव केवळ कानांवर विसंबणे योग्य नव्हे. उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वी सर्व महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत वेगळ्या साधनावर घेऊन ते मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावे, संगणक धूळ पुसून स्वच्छ कापडाने झाकावा व प्लग काढून ठेवावा. जूनमध्ये मुले येण्याच्या आदल्या दिवशी कापड काढून संगणक एकदा शांतपणे सुरू करावा आणि पहिले दोन मिनिटे नुसते ऐकावे, अशी सर्व शिक्षकबंधुभगिनींना विनंती आहे.